सहा घरांची भट्टी

‘घरात ओव्हन नाही’ हे लोक जाहिरातीत शेवटी, बारीक अक्षरांत लिहितात. आमच्या मालकांनी ते सगळ्यात वर लिहिलं होतं. ‘घरात ओव्हन नाही आणि येणारही नाही. एक खोली. मेनूथ. कॉलेजपर्यंत चालत बारा मिनिटं.’ मी तेव्हा जानेवारीत एमएस्सीला नुकताच आलो होतो आणि पाच आठवडे एका मित्राच्या हॉलमध्ये त्याच्या सायकलशेजारी झोपत होतो. आयर्लंडमध्ये भाड्याची खोली शोधणं काय असतं, ते शोधणाऱ्यालाच ठाऊक. घराला छप्पर नाही असं लिहिलं असतं तरी मी बॅग घेऊन गेलो असतो.

दार उघडणारा माणूस उंच, किंचित वाकलेला, अंगात विटलेला स्वेटर. उजवी भुवई पूर्ण आणि डावी अर्धी. मी आपला पासपोर्ट, कॉलेजचं पत्र, बँकेचे कागद असं सगळं फायलीत लावून नेलं होतं. त्यांनी फायलीकडे पाहिलंही नाही. दोनच प्रश्न विचारले. पहिला, रांगेत उभं राहता येतं का? मी पुण्याचा. दिवाळीच्या आधी मिठाईच्या दुकानाचं शटर वर जायच्या आत रांगेत उभा राहिलेला माणूस. म्हटलं, येतं. दुसरा, तुझा स्वयंपाक कोण करतं?

इथे मी जरा ओशाळलो. खरं उत्तर होतं, कोणीच नाही. बटाट्याचं साल कुठून काढायला सुरुवात करतात हेही मला माहीत नव्हतं. तयार बिर्याणीचा डबा आणायचा, झाकणाला काट्यानं भोकं पाडायची, मायक्रोवेव्हमध्ये फिरवायचा, हे माझं जेवण. आई व्हिडिओ कॉलवर तो डबा पाहून रोज नव्यानं हळहळायची. मी मालकांना खरं ते सांगून टाकलं. त्यांनी माझा हात हातात घेऊन जोरात हलवला आणि म्हणाले, या गल्लीतला सर्वांत खरा मध्ययुगीन माणूस तूच. खोली तुझी.

मालक एका कॉलेजात मध्ययुगाचा इतिहास शिकवून निवृत्त झाले होते. राजे, लढाया, किल्ले यांत त्यांना काडीचा रस नव्हता. लोक जेवत काय होते आणि शिजवत कुठे होते, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यांच्या मते सगळं जग एका गैरसमजात जगत होतं. लोकांना वाटतं, पूर्वी घरोघरी बायका रांधायच्या आणि आता आपण आळशी झालो, विकतचं खातो. साफ खोटं, म्हणायचे. शहरातल्या गरिबाला एकच खोली असायची, त्यात धड चूल नाही, भट्टी तर नाहीच. तो संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून गरम मीट-पाय, म्हणजे आत खिमा भरून भाजलेली जाड पोळी, आणायचा, भाजलेली कोंबडी आणायचा. घरी शिजवणं ही श्रीमंताची चैन. हे ऐकून माझ्या डब्याला एकदम आठशे वर्षांचं घराणं मिळालं. आईला मी ते सांगितलं. आई म्हणाली, त्या माणसाला म्हणावं, आधी पोराला पोळी लाटायला शिकव आणि मग इतिहास सांग.

स्वयंपाकघरातला ओव्हन त्यांनी स्वतः उपसून काढला होता. त्या चौकोनी भगदाडाला फळ्या आणि दार लावून त्याचं प्रेस केलं होतं. तिकडे कपाटाला प्रेस म्हणतात. त्यात पिठाच्या गोण्या असायच्या. मायक्रोवेव्हला मात्र परवानगी होती, कारण मायक्रोवेव्ह शिजवत नाही, दुसऱ्यानं शिजवलेलं गरम करतो. असले निवाडे ते चेहऱ्यावरची रेषही न हलवता द्यायचे.

रोज दुपारी एक वाजता ते पेट्रोल पंपावरच्या डेलीत, म्हणजे तयार खाण्याच्या दुकानात, चालत जायचे. तिथे एक मुलगी लांबट पावात कोंबडीचे तळलेले तुकडे, सॅलड, सॉस असं भरून देते. सबंध आयर्लंड दुपारी हेच खातं. मालक काउंटरसमोर उभे राहून त्या मुलीला मान झुकवून नमस्कार करायचे आणि सांगायचे, तुझा धंदा या गावातल्या चर्चपेक्षा जुना आहे. मग हळूच विचारायचे, ही कोंबडी आजचीच ना? कालची नव्हे? कारण शिळी मीट-पाय पुन्हा गरम करून विकणाऱ्यांच्या तक्रारी त्यांनी जन्मभर जुन्या दफ्तरांत वाचल्या होत्या आणि त्या लोकांवरचा त्यांचा राग अजून शमला नव्हता. ती मुलगी बिचारी रोज तेवढ्याच शांतपणे सांगायची, आजचीच आहे, ग्रँड आहे. तिकडे सगळं ठीक असलं की ग्रँड म्हणतात, आणि नसलं तरीही. मागची रांग घड्याळं बघत असायची. एकदा मी त्यांच्याबरोबर होतो आणि मला जमिनीत जावंसं वाटलं.

पण खरं वेड मागच्या अंगणात होतं. तिथे त्यांनी विटा आणि माती लिंपून घुमटाची भट्टी बांधली होती, माणूस आत रांगत जाईल एवढी. दर शनिवारी सकाळी ती पेटायची. आत दोन-तीन तास लाकडं जाळायची, मग निखारे ओढून काढायचे, ओल्या फडक्यानं तळ पुसायचा, चिमूटभर पीठ आत फेकायचं. पीठ लगेच काळं झालं तर थांबायचं, हळूहळू तपकिरी झालं तर लांब दांड्याच्या लाकडी फावड्यानं पाव आत सारायचे. डाव्या भुवईचा अर्धा भाग या पीठ फेकण्यातच गेला होता. माझ्या खोलीची खिडकी नेमकी तिकडेच उघडायची. माझे सगळे हूडी धुरकट झाले. एका ऑफिसात मुलाखतीला गेलो तेव्हा समोरच्या बाईंनी विचारलं, कॅम्पिंगवरून आलात का?

भट्टीचे नियम होते. उष्णता उतरत जाते, म्हणून रांगेतली जागा उष्णतेप्रमाणे. आधी पाव, मग मीट-पाय, मग केक-बिस्किटं, आणि उरलेल्या उबेत सफरचंदाच्या चकत्या वाळत ठेवायच्या. प्रत्येक घरानं आपल्या पिठाच्या गोळ्यावर आपली खूण उठवायची, म्हणजे भाजून निघाल्यावर भांडण नको. कारण भट्टी एकाची नसते, म्हणायचे, ती गावाची असते. एका घरासाठी एवढी लाकडं जाळणं हा शुद्ध गाढवपणा आहे.

रविवारी दुपारी ते गॉलवेला राहणाऱ्या आपल्या मुलीला फोन करायचे. ऐकायला कमी यायचं म्हणून बोलायचे मोठ्यानं, आणि मला वरच्या खोलीत सगळं ऐकू यायचं. काल कोपऱ्यावरच्या विधवाबाईंचा पाव जरा बसला. शाळामास्तरांनी पुन्हा घाई केली, आतून कच्चा राहिला. ते दोघे भाऊ अजून एकमेकांशी बोलत नाहीत, पण पाव शेजारी शेजारी ठेवतात. अशी सहा घरं. मी शनिवारी अकरापर्यंत झोपणारा, त्यामुळे ही माणसं मला कधी दिसली नाहीत. मला वाटायचं, येत असतील सकाळी लवकर. माझं पहिलं वर्ष याच समजुतीत गेलं, कारण मी स्वतः त्या भट्टीकडे एकदाही पिठाचा गोळा घेऊन गेलो नव्हतो. रांगेत उभं राहता येतं म्हणून खोली घेतली आणि रांगेकडे फिरकलो नाही.

एके दिवशी माझ्या छोट्या फ्रीजरमध्ये डबे मावेनात म्हणून मी गराजमधला मोठा फ्रीजर उघडला. तो गळ्यापर्यंत पावांनी भरला होता. प्रत्येकावर खूण. मासा, किल्ली, चंद्रकोर, तीन टिंबं, दोन रेघा, फुली. सहा खुणांचे सहा ढीग, अगदी नीट लावलेले. मी तिथे गारठत उभा राहिलो आणि हळूहळू माझ्या डोक्यात उजेड पडला. विधवाबाई नव्हत्या. मास्तर नव्हते. ते अबोला धरलेले भाऊही नव्हते. दर शनिवारी हा माणूस एकटा सहा प्रकारची पिठं मळत होता, एकेका घराच्या स्वभावाप्रमाणे, आणि सहा खुणा उठवून सहा पाव भाजत होता.

मी विचारलंच. माझा स्वभाव तो. पोटात ठेवता येत नाही. मला वाटलं, खजील होतील. छे. अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, ती घरं अजून यायची आहेत, तोवर मी रांगेत त्यांच्या जागा धरून ठेवल्यात. म्हणजे आपल्याकडे एसटीत रुमाल टाकून ठेवतात, तसं. मी माझा डबा घेऊन वर गेलो. पण त्या दिवशी बिर्याणी काही नीट गिळवली नाही.

खरं घर एकदाच आलं होतं, माझ्याही आधी. समोरच्या आजीबाई. त्यांनीच मला कुंपणापाशी उभं राहून ती हकिगत सांगितली. त्यांनी सोडा ब्रेड भाजायला आणला होता. आयरिश घरात हा पाव रोजचा, ताक आणि खायचा सोडा घालून कालवायचा आणि तडक भाजायचा. त्या पिठाला थांबणं माहीतच नाही. फुगतं ते लगेच, नाहीतर बसतं. मालकांनी नियमाप्रमाणे त्यांना तिसऱ्या क्रमांकावर उभं केलं. पहिले दोन क्रमांक अर्थातच त्या न आलेल्या घरांचे. मध्ययुगातलं पीठ आंबवलेलं, ते तासभर सहज थांबायचं, आणि मालकांच्या डोक्यात खायचा सोडा अजून जगात आलाच नव्हता. आजीबाईंच्या पावाचा थाळीएवढा दगड झाला. त्यांनी तो हातात घेतला, ‘ग्रँड’ म्हणाल्या, आणि पुन्हा आल्या नाहीत. मला म्हणाल्या, या देशात प्रत्येकाचं आपलं भांडं आणि आपली चूल होती बाळा, आम्हाला कशाला हवी गावकीची भट्टी? पण मालकांबद्दल राग नव्हता. नवरा गेला तेव्हा तीन दिवस हाच माणूस गरम पाव दारात ठेवून जायचा, असंही त्यांनी सांगितलं.

मालकांना ते दुखत होतं. एकदा पीठ चाळता चाळता आपणहून म्हणाले, त्या बाईला मी पहिला नंबर द्यायला हवा होता.

माझं दुसरं वर्ष चालू होतं. ऑक्टोबरमध्ये त्यांच्या स्वेटरच्या बाहीनं पेट घेतला. निखारे ओढताना वाकले आणि तोल गेला. मनगटावर फोड आले, फार काही झालं नाही, पण गॉलवेची मुलगी त्याच दिवशी गाडी काढून आली. ती वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या कंपनीत तपासणीचं काम करते. लाखातला एक खराब तुकडा शोधून बाजूला काढायचा, हा तिचा पेशा. तिनं बापाला पट्टी बदलून दिली, चहा केला आणि मग सांगितलं. तुम्ही म्हणता सहा घरं येतात. ठीक आहे, दोन आठवड्यांनी शनिवारी मी येते, मला ती घरं बघायची आहेत. लोक असतील तर भट्टी राहू दे. पण अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तुम्ही एकटे त्या आगीशी झटत असाल, तर सोमवारी गवंडी येऊन ती पाडेल, आणि तुम्ही माझ्याकडे यायचं.

मलाही तिनं गाठलं. शनिवारी लोक येतात ना? मी म्हणालो, मी शनिवारी उशिरा उठतो. शब्दन् शब्द खरा, आणि तरी खोटं बोलल्यासारखं वाटलं.

ती गेल्यावर मालक स्वयंपाकघरात उभे होते. ते म्हणाले, “गॉलवेला खोली छान आहे. खिडकीतून समुद्र दिसतो. ग्रँड आहे.” आणि मग, “पण तिथे मी शनिवारी करू काय?”

मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, थोडं स्वतःसाठीही वाटलं. मालक गॉलवेला गेले की माझी खोली गेली आणि मी पुन्हा सायकलशेजारी. पण त्यापेक्षा जास्त त्या प्रश्नाचं वाटलं. काहीतरी बोलायचं म्हणून मी सांगत सुटलो की आमच्याकडेही असं असायचं. लहानपणी दिवाळीच्या आधी आई मैदा, तूप, पिठीसाखर पिशवीत भरून बेकरीत न्यायची. आपल्या घरी कुठला ओव्हन? बेकरीवाला आपले पत्रे द्यायचा, त्यावर बायका नानकटाई थापायच्या, नावाची चिठ्ठी लावायची, आणि भट्टीतून पत्रा बाहेर येईपर्यंत बाकड्यावर बसून गप्पा. आपलाच पत्रा परत मिळतोय ना, यावर सगळ्यांचा डोळा. घरी येताना डबा मांडीवर, आणि चड्डीतून मांडीला चटका.

मालक माझ्याकडे टक लावून पाहत होते. मला तीनदा पहिल्यापासून सांगायला लावलं. चिठ्ठी कशाची? बाकडं कुठे? बेकरीवाला भाजणावळ काय घ्यायचा? मग म्हणाले, “आणि हे तू दीड वर्ष पोटात ठेवलंस?”

मला खरंच त्याचं काही विशेष वाटलं नव्हतं. आपल्या घरच्या गोष्टीला कोण इतिहास म्हणतं?

मी त्याच शनिवारसाठी मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं. दिवाळीच्या आधीचा शनिवार, खरीखुरी लाकडाची भट्टी, नानकटाईचं पीठ घरून मळून आणा. शिवाय खरं कारणही लिहिलं, की एका म्हाताऱ्या माणसाची भट्टी वाचवायची आहे. एकवीस जणांनी अंगठे दाखवले. आपल्या लोकांचे एकवीस अंगठे म्हणजे पाच घरं, हा माझा अंदाज, आणि आली पाचच. पण आली ती झोकात आली. पैठणीवर पफर जॅकेट, हातात पत्रे, मागे नवरे मुलांना आवरत. इथल्या लोण्याचं घरी कढवलेलं तूप सगळ्यांनी वापरलं होतं आणि अंगणात असा वास सुटला की समोरच्या आजीबाई कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या. मालकांनी पुढे होऊन त्यांना हात धरून आत आणलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, या बाईंचा नंबर कायम पहिला. त्या म्हणाल्या, पण मी आज काही आणलं नाही. तरी पहिला, मालक म्हणाले.

मी गाड्या कुठे लावायच्या ते सांगत होतो, पोरांना निखाऱ्यांपासून लांब ठेवत होतो, दुभाषाचं काम करत होतो. अगदी गणपतीतल्या कार्यकर्त्यासारखा हिंडत होतो आणि स्वतःवर खूश होतो.

मालकांनी पहिला नियम सांगितला, पिठावर खूण करा. आमच्या मंडळींनी आपापसांत पाहिलं. पाचांतले चौघे सॉफ्टवेअरवाले. मीनल म्हणून ठाण्याची एक मुलगी आहे, डब्लिनमध्ये ग्रँड कॅनाल डॉकला मोठ्या कंपनीत आहे. तिनं पर्समधून पिवळ्या चिकट चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला आणि सगळ्यांना एकेक वाटली. प्रत्येकानं छान अक्षरात नाव लिहून पत्र्याच्या काठाला चिकटवली. मालकांनी विचारलं, हे काय? मी म्हटलं, आमच्याकडची चिठ्ठीची पद्धत. ते खूश झाले, लगेच वहीत लिहून घेतलं. बेकरीतली चिठ्ठी पत्र्याबरोबर भट्टीत जायची नाही, बाहेर पत्र्यांच्या क्रमानं मांडलेली असायची, हे मला तेव्हा आठवलं असतं तर पुढचं रामायण टळलं असतं.

दुसरं म्हणजे सगळ्यांनी नानकटाईच आणली होती. पाव कोणीच नाही. त्यामुळे भट्टीची उष्णता उतरेपर्यंत सगळ्यांना थांबणं आलं, आणि आपल्या माणसांना दीड तास थांबायला सांगणं म्हणजे काय ते मी सांगायला नको. कोणीतरी म्हणालं, एक पत्रा टाकून तर बघू. मालक समोरच्या आजीबाईंना खुर्ची द्यायला वळले तेवढ्यात कोणीतरी एक पत्रा आत सारलाच. कोणी, हे आजतागायत कोणी कबूल केलेलं नाही. मालकांनी तो ओढून काढेपर्यंत त्याच्या बुडाला काळी पुटं धरली होती. पुढे योग्य वेळी बाकीचे पत्रे गेले आणि सुरेख, खरपूस होऊन आले. फक्त पाचही पत्र्यांवरच्या चिठ्ठ्यांची राख झाली होती. पत्रे सगळे एकाच दुकानातले, एकाच रंगाचे. नानकटाया गोल, वर पिस्त्याचा काप. कोणाची कुठली, ब्रह्मदेवाला सांगता आलं नसतं.

तीन घरांनी समंजसपणे एकेक पत्रा उचलला आणि ती कडेला झाली. राहिले दोन, एक सोन्यासारखा आणि एक तो काळा. आणि राहिल्या दोघी, मीनल आणि प्राजक्ताची आई. प्राजक्ता नागपूरची, तिची आई तीन महिन्यांसाठी लेकीकडे आलेली. या मावशींनी सोन्यासारख्या पत्र्यावर हात ठेवला आणि शांतपणे म्हणाल्या, “ह्या माह्या हायेत. माह्या नानकटाईले अशी चीर पडते. चाळीस वर्षं झाली, मी करून राह्यली.”

मीनल म्हणाली, “काकू, मी एकेक वजन करून केली आहे. सगळ्या एका मापाच्या आहेत, बघा ना.”

मग पेटलं. आधी ‘अहो काकू’, ‘अवो पोरी’ असं गोडीनं चाललं होतं, नंतर यंदाच्या गणपतीतल्या मोदकांपर्यंत गेलं. तेव्हा कोणी कमी मोदक आणले आणि जास्त नेले, तेही निघालं. नवरे फोनमध्ये डोकं घालून उभे. मालकांनी माझी बाही ओढून विचारलं, काय म्हणतायत? मी अर्धंच भाषांतर केलं. तेवढ्यानंही त्यांचा चेहरा फुलला. चाळीस वर्षं त्यांनी भट्टीपाशी झालेल्या भांडणांचे कागद वाचले होते, आणि आज भांडण त्यांच्या अंगणात उभं होतं. त्यांनी फावडं जमिनीवर टेकवलं आणि भट्टीवाल्याच्या अधिकारात निवाडा दिला. दोन्ही पत्रे एकत्र करा. अर्ध्या काळ्या आणि अर्ध्या खरपूस, प्रत्येकीला सारख्या. मी तो निवाडा मराठीत सांगितला. दोघी एकदम माझ्याकडे वळल्या. मावशी म्हणाल्या, “अन् हा कोण हाये सांगणारा?” मीनल म्हणाली, बरोबर बोलताय काकू. अशी त्यांची एकजूट झाली, मालकांच्या आणि माझ्या विरुद्ध.

बाजूच्या दारात मालकांची मुलगी उभी होती. कधी आली होती कोण जाणे. गाडीची किल्ली हातातच होती.

तिनं मला विचारलं, हे माझ्यासाठी मुद्दाम जमवलंय का? मी म्हणालो, जमवलंय मीच, पण हे भांडण खरं आहे आणि पुढची दिवाळी येईपर्यंत चालेल. ती त्या दोघींकडे बराच वेळ पाहत राहिली. तपासणीचंच काम तिचं. मग ओठ दाबून हसायला लागली.

मालक फावडं टाकून तिच्याकडे आले. पट्टी बांधलेला हात पाठीमागे. मला वाटलं आता ते विधवाबाई म्हणून मावशींना पुढे करतील. पण ते सरळ म्हणाले, “ती सहा घरं नव्हती. मीच होतो. हे लोक आज पहिल्यांदा आलेत.”

“मला माहीत आहे, डॅड,” ती म्हणाली. “महिन्याला तुम्ही मला सहा पाव पाठवता. सहाही पावांत मीठ कमी. सहा घरं एकाच वेळी मीठ विसरत नाहीत.”

त्यांना रक्तदाबामुळे मीठ बंद होतं. सगळ्याच पावांत ते कमी पडतं, हे मात्र त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. ते खो खो हसले आणि हसता हसता डोळे पुसले, धुराचं निमित्त करून. मग मावशींनी त्या दोघांसमोर नानकटाईचा पत्रा धरला, सोन्यासारखा. भांडण भांडणाच्या जागी, पाहुणा आला की आधी खायला. मुलीनं एक तोंडात टाकली, डोळे मिटले आणि दुसरी घेतली. तिनं वडिलांना सांगितलं, गवंड्याला मी येऊ नको म्हणते. मालकांनी मान हलवली आणि फावडं उचलून घाईघाईनं भट्टीकडे गेले, तिचं मन बदलायच्या आत.

मी सुस्कारा सोडला. आपण मोठी कामगिरी केली असं मला वाटत होतं. तेवढ्यात तिनं माझ्याकडे वळून विचारलं, “यातल्या तुझ्या कुठल्या?”

मी म्हणालो, माझ्या नाहीत. मी सगळं जमवत होतो ना.

ती काही रागानं बोलली नाही. म्हणाली, “सहा हा त्यांचा आकडा होता. मला एक घर चाललं असतं.”

मला तिथल्या तिथे लाज वाटली. दीड वर्ष मी त्या भट्टीवरच्या खिडकीत राहत होतो. खाली एक म्हातारा माणूस सहा घरांच्या जागा धरून उभा होता आणि वर एक खरंखुरं घर बिर्याणीचा डबा गरम करून खात होतं.

पुढचा शनिवार ऐन दिवाळीतला. सगळे आपापल्या घरी फराळात गुंतलेले, कोणी यायचा प्रश्नच नव्हता. मी आठ वाजता उठलो. आदल्या संध्याकाळी आईला फोनवर समोर बसवून पावाचं पीठ मळलं होतं. तिनं हसून घेतलं आणि मग चेष्टा न करता नीट शिकवलं. गोळा वेडावाकडा होता. मालक फक्त म्हणाले, खूण कर. मी अंगठा दाबला. मग मी लाकडं लावली, निखारे ओढले, तळ पुसला, पीठ फेकलं. भुवया वाचल्या. ते बाजूला उभे राहून बोटानं दाखवत होते, अजून थोडं, आता थांब, आता घाल.

पाव आत गेला, मी दगड लावून तोंड बंद केलं आणि मागे वळून पाहिलं. ते समोरच्या आजीबाईंसाठी आणलेल्या खुर्चीत बसले होते. त्या भट्टीपाशी मी त्यांना कधी बसलेलं पाहिलं नव्हतं. विस्तवाकडे दुसरं कोणी बघणारं असल्याशिवाय माणसाला बसता येत नाही, हे मला त्या वेळी कळलं. पाच मिनिटांत त्यांची मान छातीवर आली आणि ते चक्क घोरायला लागले. पाव काढायची वेळ झाली तेव्हा मी त्यांना उठवलं नाही. माझा मीच काढला.